देवाला ‘तू’ म्हणताना

दिवाळीच्या दिवसांत आमच्या घरी शेजारपाजारहून फराळाची ताटे येतात, आणि आमच्याकडची ताटे नाताळात त्यांच्याकडे जातात. करंजी तीच, चकली तीच. फक्त महिना निराळा. या देवघेवीची आम्हां सर्वांना इतकी सवय झाली आहे, की कुणाचा देव कोणता हा प्रश्न ताटावरचा रुमाल उचलताना कुणाच्या मनात येत नाही. तेव्हा दिवाळी अंकात एका ख्रिस्ती माणसाने देवाविषयीच्या आदरावर चार शब्द लिहिले, तर वाचक ते शेजारच्या घरून आलेल्या ताटासारखे घेतील, असा मला भरवसा आहे.

मी विद्वान नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. एका लहान शाळेत खालच्या वर्गांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. टीका लिहिण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. पण स्वतःच्या फसलेल्या पानावरून जो धडा मिळतो, तो सांगण्याचा अधिकार प्रत्येक लेखकाला असतो. आणि हा लेख तशाच एका पानावरून सुचलेला आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका कादंबरीत म्हाताऱ्या पाळकाचे पात्र रंगवले होते. त्याचा तरुण मुलगा वारतो, आणि त्या रात्री तो गुडघे टेकून प्रार्थना करतो, असा प्रसंग होता. ती प्रार्थना मी मोठ्या कष्टाने लिहिली. सर्वसमर्थ, सर्वसाक्षी, करुणानिधान, पतितपावन अशी विशेषणे एकापुढे एक मांडली. दीड पान झाले. मला स्वतःला गहिवरून आले. रात्री ते पान आईला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. सगळे ऐकून घेऊन तिने ताट हलवले आणि म्हणाली, “अरे, हा देवाशी बोलतोय की पंचायतीशी?”

मी गप्प झालो. तेव्हा ती थोड्या नरमाईने म्हणाली, “पोर गेलेलं माणूस एवढं बोलत नाही रे.”

कादंबरी छापून आली. तिच्यावर दोनचार अभिप्रायही बरे आले. पण आईचे ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. देवाविषयीचा आदर लिहून दाखवायचा म्हणजे काय करायचे? तो शब्दांत असतो, की शब्द संपल्यावर जे उरते त्यात? आणि जो आदर मला लिहिता आला नाही, तो माझ्यापाशी होता तरी काय? हा शेवटचा प्रश्न लेखकाला परवडणारा नाही. पण एकदा मनात आला म्हणजे तो जात नाही. त्याचे उत्तर शोधीत मी आपल्या मराठीतील ख्रिस्ती लेखकांकडे पुन्हा गेलो. तिथे जे दिसले ते इथे मांडतो.

प्रथम एक साधी गोष्ट. मराठी माणूस देवाला ‘तू’ म्हणतो. शाळेतल्या गुरुजींना तो ‘तुम्ही’ म्हणतो, मामलेदाराला ‘आपण’ म्हणतो, पण ज्याने चंद्रसूर्य निर्माण केले त्याला मात्र ‘तू’! मराठी बायबलातही असेच आहे. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्यात देवाला आधी पिता म्हटले आहे आणि लगेच त्याच्या नावाचे पावित्र्य राखले जावे अशी विनवणी आहे. एका श्वासात जवळीक, दुसऱ्या श्वासात मर्यादा. आता आपल्या घरांकडे पाहा. पुष्कळ घरांत, निदान जुन्या वळणाच्या घरांत, वडिलांना ‘अहो’ आणि आईला ‘अगं’ म्हणण्याची रीत. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत देवाला हाक बापाची मारतो, पण सर्वनाम आईचे वापरतो. भाषांतर करणाऱ्यांनी हे मुद्दाम केले असेल असे नाही. ज्ञानोबा-तुकोबांनी विठ्ठलाला आई करून टाकलेल्या या भाषेत देवाशी बोलण्याचा दुसरा सूर उरलाच नव्हता.

पण या ‘तू’मध्ये एक पेच आहे. ‘आपण’ म्हटले की आदराचे निम्मे काम व्याकरणच करून टाकते. मनात काहीही असो, क्रियापद वाकून उभे राहते. ‘तू’ला तो आडोसा नाही. जिथे व्याकरण आदर राखत नाही, तिथे तो माणसालाच राखावा लागतो. आवाजात, वागण्यात, हातापायांत. माझ्या पाळकाची प्रार्थना इथेच फसली होती. ‘तू’ची उघडी जवळीक मला पेलली नाही, म्हणून मी विशेषणांची भिंत उभारली आणि तिच्यामागे लपलो.

दुसरी गोष्ट भयाची. बायबलात देवाच्या भयाला शहाणपणाचा आरंभ मानले आहे. हा ‘भय’ शब्द मराठी कानाला खटकतो. भय वाघाचे, पोलिसाचे, सावकाराचे. देवाचे भय कशासाठी? पण त्याच ग्रंथात मोशेची कथा आहे. रानात एक झुडूप पेटलेले दिसते, पण जळून जात नाही. तो जवळ जाऊ लागतो तेव्हा त्याला सांगितले जाते, की पायांतले जोडे काढ, ही भूमी पवित्र आहे. इंग्रज माणूस प्रार्थनेला जाताना हॅट काढतो, बूट काढीत नाही. त्याला ही कथा समजावून घ्यावी लागते. आमच्या गावच्या चर्चच्या पायरीशी दर रविवारी चपलांचा ढीग पडतो. आम्हांला ती सांगावी लागत नाही. भय या शब्दाचा तिथला अर्थ घाबरणे असा नाही. पाय आपोआप थांबणे असा आहे. मराठीत त्याला ‘मर्यादा’ हा शब्द अधिक जवळचा. घाबरलेला माणूस पळतो. मर्यादा जाणणारा माणूस चपला काढून आत येतो.

हा फरक इतिहासाने फार कडवटपणे शिकवला आहे. गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळीला लोकांचा क्षोभ होऊन पाच जेझुइट मारले गेले आणि पुढे त्या गावच्या पुढाऱ्यांनाही प्राणांना मुकावे लागले. धर्माच्या नावाखाली राजसत्तेचे जे भय पसरले, त्याने माथी झुकली असतील. पण झुकलेल्या माथ्यातला आदर तलवारीला मोजता येत नाही. माझ्या धर्माच्या इतिहासातले हे पान मी झाकून ठेवणार नाही. ते झाकून आदराविषयी लिहिणे हाच देवाचा अनादर होईल.

त्याच साष्टीत, त्याच काळात, एक निराळा माणूस काम करीत होता. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्याला आले. त्यांनी इथली भाषा शिकून घेतली, नुसती बोलण्यापुरती नव्हे, तर ओवी रचण्यापर्यंत. १६१६ साली राशोल येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. दोन भागांचे, सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारातील कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. ते छापले रोमन लिपीत, पण भाषा मराठी आणि घाट आपल्या पुराणांचा. आरंभी नमन आहे, श्रोत्यांच्या शंका आहेत, मराठी भाषेची मुक्त कंठाने केलेली स्तुती आहे. स्वर्गासाठी स्टीफन्स ‘वैकुंठ’ हा आपला शब्द निःसंकोचपणे वापरतात.

या ग्रंथाचे कौतुक बहुधा भाषेसाठी केले जाते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या माणसाच्या पाठीशी राजाची सत्ता उभी होती, तो श्रोत्यांना देवाची गोष्ट सांगायला त्यांच्याच ओवीच्या उंबरठ्याशी येतो आणि जोडे काढतो. परक्याची भाषा इतक्या निगुतीने शिकणे हीसुद्धा एक उपासना आहे. त्या सत्तेचे दोष स्टीफन्सच्या ओव्यांनी धुऊन निघत नाहीत. तसा दावा मी करणार नाही. पण सत्तेने लोकांची भाषाच दडपू पाहिली, १६८४ साली तर स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचे फर्मान निघाले. आणि ते पुराण मात्र टिकले. मंगळूरला १९०७ साली त्याची आवृत्ती निघाली, आणि १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. भयाचे फर्मान कागदावर राहिले; आदराने रचलेली ओवी लोकांनी जपली.

आता याच्या अगदी उलट टोकाला पंडिता रमाबाई आहेत. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या वारल्या. भाषांतर १९२४ साली केडगावच्या मुक्ति मिशनमधून छापून निघाले. साध्या, अल्पशिक्षित स्त्रियांना समजावे अशी भाषा त्यांना हवी होती, आणि जुन्या धर्मकल्पनांचा वास ज्यांना येतो असे संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. जो शब्द स्टीफन्सनी हौसेने उचलला असता, तो रमाबाईंनी चिमट्यानेही उचलला नसता!

कोण बरोबर? पुष्कळ दिवस मी स्टीफन्सच्या बाजूचा होतो. रमाबाईंचे ते शब्द गाळणे मला कोरडेपणाचे वाटे. मग त्यांच्या लहानपणाचा विचार केला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी हिंडून पुराणे सांगत असे. दुष्काळात आईवडील त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. ते शब्द स्टीफन्सना बाहेरून सापडले होते, म्हणून ते त्यांना नवे आणि सुंदर वाटले. रमाबाईंनी ते उपाशीपोटी म्हटले होते. एकाने शब्द घेऊन आदर दाखवला, दुसरीने शब्द सोडून. दोघांनाही त्याची किंमत पडली. स्टीफन्सनी आयुष्यातली कित्येक वर्षे दिली, रमाबाईंनी आपली सगळी पूर्वपुण्याई. मला वाटते, आदराची खरी खूण हीच. जो शब्द लेखकाला फुकट मिळाला, त्यात आदर नसतो. माझ्या पाळकाची सगळी विशेषणे फुकटची होती.

या दोन टोकांच्या मधून रेव्हरंड ना. वा. टिळकांची वाट जाते. १८६१ साली जन्मलेले हे कोकणस्थ कवी १८९५ साली मुंबईला ख्रिस्ती झाले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती, आणि ती नुसती कल्पना नव्हती. त्यांचे अभंग आमच्याकडे अजून पेटी-तबल्यावर गातात, आणि गाताना म्हातारी माणसे डोळे मिटून डोलतात. सर्वनामाचा जो पेच मी वर सांगितला, तो टिळकांनी एका झेपेत सोडवला. त्यांनी ख्रिस्ताला सरळ आई म्हटले, आणि त्याच ओळीच्या पोटात गुरूही म्हटले. आई म्हटल्यावर ‘तू’ला संकोच राहिला नाही, गुरू म्हटल्यावर मर्यादा सुटली नाही.

तरीही टीकाकार म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. टिळकांच्या वाटेने जाणाऱ्या पुष्कळ कवींना आई सापडली, गुरू सापडला नाही. त्यांच्या गीतांत देव इतका जवळचा, इतका गोड होतो, की त्याच्यापुढे चपला काढण्याचे कारण उरत नाही. हल्लीच्या प्रार्थनासभांतून लाउडस्पीकरवर जी गाणी ऐकू येतात, त्यांतील पुष्कळशा गाण्यांचे असेच झाले आहे. साखर फार झाली की पुरणाला पुरणाची चव राहत नाही, हे दिवाळी अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

आणि आता ज्या पुस्तकासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंना शाळा मिळाली नाही. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या. (माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याला याचा किती धीर वाटतो, ते काय सांगू!) हे पुस्तक घराघरांत वाचले जाते ते त्यातल्या विनोदासाठी, आणि संसाराचे पैसे कुणालातरी देऊन रिकाम्या हाताने परतणाऱ्या त्या विलक्षण नवऱ्याच्या गोष्टींसाठी. देवाविषयीचा आदर शिकायला कुणी ‘स्मृतिचित्रे’ उघडत नाही. मीही उघडले नव्हते.

पण आरंभ पुन्हा वाचून पाहा. १८५७ च्या बंडानंतर नात्यातल्या एकाला फाशी झाली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही. सारे घर त्या धाकाखाली. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, पण वडिलांची टिंगल करीत नाहीत. ते सोवळे म्हणजे एका भेदरलेल्या माणसाने देवाच्या नावाने बांधलेला कोट होता, हे त्यांना कळलेले आहे. पुढे नवरा ख्रिस्ती होतो. काही वर्षे ताटातूट. पुन्हा एकत्र येणे. पण सोवळे सुटत नाही. आणि मग एके दिवशी त्यांच्या मनात प्रश्न उभा राहतो, की या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर शरीरात काही खूण ठेवली नसती का? एवढ्याशा विचाराने त्या निश्चय करतात, की यापुढे कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. बाप्तिस्मा त्यानंतरचा.

माझ्या मते साऱ्या पुस्तकाचा कणा हा आहे. वडिलांच्या सोवळ्यापासून मुलीच्या त्या पाण्याच्या घोटापर्यंतचा प्रवास म्हणजे भयापासून आदरापर्यंतचा प्रवास. तिथे विशेषण नाही, गहिवर नाही, देवाची स्तुतीही फारशी नाही. आहे तो एक माणूस दुसऱ्या माणसाच्या हातून पाणी घेताना. ज्याने त्या माणसाला निर्माण केले त्याचा मान राखण्याची याहून सोपी आणि याहून अवघड रीत मला माहीत नाही. ज्या बाईने पुढे आपल्या घरात किती अनाथ मुले सांभाळली, तिने आदरावर वेगळे प्रवचन लिहिले नाही, याचे आता मला आश्चर्य वाटत नाही.

इथे आईची गोष्ट पुरी करतो. माझी आई बायबल उघडण्यापूर्वी हात धुते, डोक्यावरून पदर घेते. बायबलावर दुसरी कोणतीही वस्तू ठेवलेली तिला खपत नाही. चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला लावते, माझ्या वर्गातली मुले पाटीपुस्तकाला करतात तसेच. एकदा एका उपदेशकांनी हे पाहून तिला बजावले, की हा कागद आहे, कागदाला नमस्कार करणे आपल्यात बसत नाही. ती काही बोलली नाही; ते गेल्यावर तिने बायबल पुसून जागेवर ठेवले. तेव्हा मला त्या गृहस्थांचा राग आला होता. हल्ली मी मोबाइलवर वचन वाचतो. ती त्या मोबाइलवर चष्मासुद्धा ठेवू देत नाही.

पण त्या उपदेशकांच्या बोलण्यात एक काटा होता, तो मला उशिरा टोचला. आमच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कोनाड्यात एक कप वेगळा असे. कचरा न्यायला येणाऱ्या बाईला चहा त्या कपातून. आमच्या वाडवडिलांनी पाण्यासाठी काय काय सोसले आणि ख्रिस्ती का झाले, हे मी मुलांना अभिमानाने सांगत असे. आणि तो कप आमच्याच कोनाड्यात होता. आईने तो कुणाच्या सांगण्यावरून ठेवला नव्हता, आणि मीही तो काढायला सांगितले नव्हते. ग्रंथ पुसून ठेवणारे घर माणसाचा कप वेगळा ठेवत होते.

एका उन्हाळ्यात तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, तेव्हा रोज रात्री मी तिला ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवीत असे. ती खूप हसली. तो जातीचा आणि पाण्याचा मजकूर आला तेव्हा मात्र हसली नाही. “पुढं वाच,” एवढेच म्हणाली. काही दिवसांनी कोनाडा रिकामा दिसला. मी विचारले, तर म्हणाली, “फुटला.” त्या बाई दुसऱ्या दिवशी ओट्याजवळ बसून आमच्याच कपातून चहा पीत होत्या. फुटलेल्या कपाचे तुकडे मला केरात कुठे दिसले नाहीत. मीही शोधले नाहीत.

मी आता ते जुने पान पुन्हा लिहिले आहे. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघेल की नाही, प्रकाशक जाणे. पण नव्या पानात तो म्हातारा पाळक प्रार्थना करीत नाही. मुलाला पोचवून घरी येतो, दाराशी चपला काढतो. बराच वेळ उंबरठ्यावर उभा राहतो. मग आत येऊन, मुलाच्या खाटेशी बसून, एकच शब्द बोलतो: “तू...” आणि थांबतो. ते पान आईला वाचून दाखवले. ती मेथी निवडत होती. ऐकून म्हणाली, “आता बोलला.”

तिने मान वर केली नाही, की मला शाबासकी दिली नाही. पण मेथीची जुडी बाजूला ठेवून तिने पदर डोक्यावरून घेतला. तेवढ्यावरून मी समजलो.